पेंढारी नक्की होते तरी कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंढाऱ्यांचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसायचा आता कंटाळा आलाय. म्हणून सगळे प्रश्न एका जागी घेतलेत, भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवलीय. आधी सोपे आहेत, खाली खाली जरा वादाचे.

१. पेंढारी ही जात होती, टोळी होती की सैन्य होतं?

जात अजिबात नाही. पेंढारी हा धंदा होता, म्हणजे बिनपगारी घोडेस्वाराचा धंदा. मुख्यतः अठराव्या शतकातल्या मराठा फौजांच्या मागे लागून चालायचं, शत्रूचा मुलूख आला की सुटायचं आणि हाताला लागेल ते लुटून आणायचं. त्यात पठाण होते, मेवाती होते, जाट होते, दख्खनी मुसलमान होते, वेगवेगळ्या जातींचे हिंदू होते, फौजेतून नाव कमी झालेले शिपाई होते, कर्जाला कंटाळून पळालेले कुणबीही होते. नाईक म्हणजे टोळ्यांचे म्होरके बहुतेक मुसलमान, पण खालचा जमाव सगळा मिसळलेला. ज्याच्याकडे घोडा आणि भाला तो पेंढारी, आणि ज्याच्याकडे घोडा नाही तो तट्टावर बसून मागून यायचा.

२. हा शब्द आला कुठून?

यावर एकमत नाही. कोणी म्हणतं पेंढा म्हणजे गवताच्या पेंढ्या वाहणारे म्हणून पेंढारी, कोणी म्हणतं पिंडा नावाची दारू प्यायचे म्हणून पिंडारी, आणखीही दोन-तीन व्युत्पत्त्या फिरतात. मला स्वतःला पेंढ्याची जास्त पटते आणि त्याला कारण आहे. फौज आपल्याच मुलखात असली की लुटायला मिळायचं नाही, तेव्हा हे लोक आपल्या तट्टांवरून आणि बैलांवरून गवत, धान्य, जळाऊ लाकूड आणून छावणीत विकायचे, पेंढाऱ्यांचा बाजार म्हणजे छावणीतला चारा-लाकडाचा मोठा बाजार असायचा. अर्थात हा माझा कल झाला, पुरावा म्हणून कोणाच्या तोंडावर फेकू नका.

३. ठग आणि पेंढारी एकच ना? आजी तर 'ठग-पेंढारी' असं एका दमात म्हणायची.

आज्या सगळ्यांच्याच म्हणायच्या, पण नाही, अगदी उलटे प्रकार आहेत. ठग वाटसरू बनून, गोड बोलून, चार दिवस सोबत चालून मग रुमालाने गळा आवळायचा, सगळं गुपचूप. पेंढारी दिवसाढवळ्या हजार-दोन हजार घोड्यांनी धूळ उडवत येणार. काळही वेगळा, पेंढारी १८१८ मधे मोडले, ठगांच्या मागे कंपनीचा अधिकारी स्लीमन लागला तो मुख्यतः १८३० च्या दशकात. दोघांना जोडणारी गोष्ट एवढीच की दोघांचाही बंदोबस्त कंपनी सरकारने केला आणि त्याची जाहिरातही भरपूर केली.

४. पगारच द्यायचा नाही तर शिंदे-होळकर यांना ठेवायचे कशाला?

पगार द्यायचा नाही म्हणूनच तर ठेवायचे! शिलेदार स्वतःचा घोडा आणतो पण तनखा मागतो, बारगिराला तर घोडाही सरकारने द्यायचा. पेंढाऱ्याला काहीच नाही. उलट लुटायला परवानगी दिली म्हणून तोच पालपट्टी नावाचा कर भरणार. स्वतःच्या मुलखात असताना रोजचे चार आण्यांच्या आसपास काहीतरी मिळायचे, शत्रूच्या हद्दीत पाय पडला की तेही बंद.

आणि कामाचे होते. शत्रूचा चारा जाळणं, रसद तोडणं, पळणाऱ्यांच्या मागे लागणं ही कामं ते नियमित फौजेपेक्षा बरी करायचे. पानिपतावरही मराठ्यांसोबत पेंढाऱ्यांची मोठी पथकं होती, हुल सवार हे त्यातल्या एका नाईकाचं नाव सापडतं.

पण मान शून्य. होळकरांकडे पेंढारी नाईकांचा तळ वेगळा पडायचा आणि मालकासमोर त्यांना बसायची मुभा नव्हती. सगळ्यात मजेशीर प्रकार मोहिमेच्या शेवटी व्हायचा. पेंढारी लूट घेऊन परत आले की बऱ्याचदा सरदाराचीच फौज त्यांच्या तळाला वेढा घालायची आणि लुटीतला मोठा वाटा काढून घ्यायची. म्हणजे चोराने आणायचं आणि मोराने घ्यायचं, आणि वर नाव बदनाम चोराचं.

५. शिवाजी महाराजांच्या फौजेत पण पेंढारी होते का?

महाराजांची शिस्त याच्या बरोबर उलट होती. लूट झाली की तिची मोजदाद करून ती सरकारजमा करायची, शिपायाला रोख पगार, बायका-मुलांना आणि शेताला हात लावायचा नाही. मुलूखगिरी म्हणजे शत्रूच्या मुलखावरच्या स्वाऱ्या होत्या, पण त्यांचा हिशोब होता. दख्खनच्या लढायांमधे पेंढारी ठळक दिसायला लागतात ते सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी, औरंगजेब इकडे उतरल्यानंतरच्या धामधुमीत, आणि मराठा फौजांसोबत मोठ्या संख्येने अठराव्या शतकात. तेव्हा 'मराठे म्हणजेच पेंढारी' असं जे काही इंग्रजी लिखाणात सरसकट येतं ते चूक, आणि 'मराठ्यांचा पेंढाऱ्यांशी काही संबंध नव्हता' हे आपल्याकडचं उत्तरही तितकंच चूक. वरचा प्रश्न ४ वाचा, संबंध होता आणि तो पैशाचा होता.

६. मग १८०० नंतरच एवढे कसे वाढले?

१८०२ चा पेशव्याचा इंग्रजांशी वसईचा तह, मग १८०३ ते १८०५ ची इंग्रज-मराठा लढाई. त्यात शिंदे, भोसले, होळकर सगळ्यांचे मुलूख कापले गेले, उत्पन्न गेलं. निजामाने आणि पेशव्याने तैनाती फौज (कंपनीची फौज, खर्च यांचा) घेतली, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या फौजेची गरजच राहिली नाही. हे सगळे सुटलेले घोडेस्वार जाणार कुठे? शेती येत नाही, आणि येत असली तरी शेताला शांतता लागते. भाला तेवढा येतो. ते गेले माळव्यात, नर्मदाकाठी, जिथे शिंद्यांनी पेंढारी नाईकांना नेमावर-सतवास भागात जमिनी दिल्या होत्या.

पूर्वी पेंढारी फौजेचं शेपूट होते, आता शेपूट राहिलं आणि जनावर मेलं. इंग्रजांचे अंदाज २० ते ३० हजारांच्या घरातले आहेत, ते सगळे चांगले घोडेस्वार असं समजू नका, त्यात नोकर आणि तट्टूवाले पण धरलेत.

७. मोहीम निघायची कशी? काही नियोजन असायचं की नुसता गोंधळ?

चांगलं नियोजन असायचं. पावसाळाभर नर्मदेकाठच्या छावणीत घोडे खाऊनपिऊन तयार करायचे, दसरा झाला की नाईक जमायचे, नदीला उतार पडला की निघायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायची रीत आपल्याकडे सगळ्याच फौजांची होती, यांनी तीच उचलली.

हजाराच्या टोळीत चारेकशे जणांचे घोडे उत्तम असायचे, हत्यार म्हणजे मुख्यतः लांब भाला, बारा हातांपर्यंतचा, बंदूक पंधरा जणांत एखाद्याकडे. तंबू नाही, सामान नाही, तोफ तर नाहीच. खोगिराला भाकरी बांधलेल्या, घोड्याला मसाला आणि अफू, आणि दिवसाला ४० ते ६० मैलांची मजल. मैलांचे किलोमीटर करून बघा, ६५ ते ९५ होतात, खराब रस्त्याने, रोज. मधे कुठे लढाई करायची नाही, समोर फौज दिसली की फुटायचं आणि पुढे ठरल्या जागी परत जमायचं. लूट घेऊन परतले की छावणीत बाजार भरायचा, उज्जैनकडचे व्यापारी यायचे आणि जरीचं लुगडं मातीमोलाने उचलायचे. त्या व्यापाऱ्यांना कोणी पेंढारी म्हणत नाही, हेही लक्षात घ्या.

८. खरंच इतके क्रूर होते की इंग्रजांनी रंगवून सांगितलं?

रंगवलं असेलच, पण आत होतं तेही भयानकच होतं. मार्च १८१६ मधे गुंटूर आणि आसपासच्या कंपनीच्या मुलखात टोळी शिरली, साडेअकरा दिवस होती. नंतर सरकारी चौकशी झाली, त्यात ३३९ गावं लुटली गेली, १८२ माणसं मेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला असा आकडा आला. मेलेल्यांपेक्षा छळलेले वीसपट का, तर मारून फायदा नव्हता, पुरलेला पैसा कुठे आहे ते हवं होतं. वेळ कमी, म्हणून उपाय झटपट. घोड्याच्या तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत, गरम राख भरायची, तो तोबरा माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीत गुद्दे घालायचे म्हणजे श्वासाबरोबर राख आत जाते. काही गावांत बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या, स्वतःचीच घरं पेटवून लोक आत जळून मेले. 'ते इंग्रजांविरुद्धचे स्वातंत्र्यसैनिक होते' असं लिहून पाठवणाऱ्यांनी ही तोबऱ्याची गोष्ट एकदा डोळ्यासमोर आणावी, त्या तोबऱ्यात तोंड इंग्रजाचं नव्हतं, गुंटूरच्या शेतकऱ्याचं होतं.

इंग्रजांच्या आकड्यांमागचा हेतू मात्र वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी प्रश्न १२.

९. त्यांचे मोठे नाईक कोण?

शिंदेशाही आणि होळकरशाही असे दोन गट, कोणाच्या आश्रयाने वाढले त्यावरून. शिंदेशाहीत हिरू आणि बुरान हे आधीचे दोघे भाऊ, मग चितू, करीमखान, आणि हिरूची मुलं दोस्त मोहम्मद आणि वासिल मोहम्मद. होळकरशाहीत कादर बक्ष वगैरे.

करीमखानाचा एक किस्सा सांगतोच. तो इतका वाढला की दौलतराव शिंद्यांना खुपायला लागला. दौलतराव भेटीला आले तेव्हा करीमने सव्वा लाख रुपयांची रास रचून त्यावर भारी वस्त्र घातलं आणि त्या गादीवर मालकाला बसवलं, रास नजराणा. दौलतराव बसले, तारीफ केली, नजराणा घेतला आणि थोड्याच दिवसात करीमला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. काही वर्षांनी ६ लाख भरून सुटला. धनी आणि पेंढारी यांच्यातला विश्वास तो एवढाच.

१०. कंपनीकडे एवढी कवायती फौज, मग हे हाती का लागत नव्हते?

कवायती फौज पायी, तोफा बैलांवर. दिवसाला दहा-पंधरा मैल चालणारा माणूस साठ मैल पळणाऱ्याला कसा धरणार, आणि सरहद्दीवर ओळीने चौक्या बसवल्या तरी दोन चौक्यांच्या मधून रात्री हजार घोडे निघून जायचे. कधीमधी जमायचं. डिसेंबर १८१६ मधे मेजर लशिंग्टनच्या मद्रास घोडदळाने १७ तासांत ७० मैल कापून एक टोळी जेवणाच्या वेळी गाठली, शेकडो पेंढारी मारले गेले आणि कंपनीच्या बाजूने एक कॅप्टन भाल्याने मेला. म्हणजे त्यांच्याच वेगाने गेलं तर जमतं, पण वर्षातून एकदा.

११. मग संपवलं कसं?

गवर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने हिशोब उलटा मांडला, टोळीच्या मागे पळायचं नाही, घरटंच वेढायचं. लंडनहून १८१६ च्या शेवटी कारवाईची परवानगी मिळाली आणि १८१७ च्या पावसाळ्यानंतर उत्तरेकडून खुद्द हेस्टिंग्जची आणि दक्षिणेकडून सर थॉमस हिस्लॉपची अशा दोन फौजा निघाल्या. मिळून १ लाख १० हजार ते १ लाख २० हजार माणूस, ३०० च्या आसपास तोफा, माळव्याभोवती एक मोठं कडं करून ते आवळत आणायचं. हाकारे घालून शिकार करतात तसंच. मधे नोव्हेंबरात बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या छावणीत कॉलरा शिरला आणि हजारो माणसं मेली, पेंढाऱ्यांनी मारली नसतील तेवढी.

खरा घाव मात्र कागदावर बसला. ५ नोव्हेंबर १८१७ ला ग्वाल्हेरच्या तहात दौलतराव शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध ५,००० स्वार द्यायचं आणि हंडिया, असीरगड हे किल्ले तात्पुरते सोपवायचं कबूल केलं. ज्याच्या नावाने शिंदेशाही तोच पलीकडे गेला. आश्रय गेला, बायका-मुलं आणि सामान ठेवायला जागा गेली. त्यानंतर मोठी लढाई झालीच नाही, नुसती पळापळ. फेब्रुवारी १८१८ पर्यंत मोठ्या टोळ्या फुटल्या होत्या.

१२. पेंढारी युद्ध आणि तिसरं इंग्रज-मराठा युद्ध एकच का? पेंढारी नुसतं निमित्त होते का?

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. तारखा बघा. ५ नोव्हेंबर १८१७ ला तिकडे शिंद्यांशी तह, त्याच दिवशी इकडे पेशव्याशी खडकीची लढाई. २६-२७ नोव्हेंबरला नागपूरकर भोसल्यांशी सीताबर्डी. २१ डिसेंबरला होळकरांशी महिदपूर, ६ जानेवारी १८१८ ला त्यांच्याशीच मंदसोरचा तह. जूनमधे पेशवा दुसरा बाजीराव कंपनीचा अधिकारी जॉन मालकमच्या स्वाधीन. पेंढाऱ्यांसाठी निघालेल्या त्याच फौजांनी सहा-सात महिन्यांत मराठी राज्यं आटोपली.

त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ऑगस्ट १८१७ मधे मालकम माहुलीला बाजीरावाला भेटला आणि म्हणाला पेंढाऱ्यांविरुद्ध मदत म्हणून फौज भरती करा. बाजीरावाने आनंदाने केली, आणि तीच फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली. म्हणजे निमित्त दोन्ही बाजूंनी वापरलं.

माझं मत विचाराल तर नुसतं निमित्त म्हणणं गुंटूरच्या माणसांवर अन्याय आहे, त्रास खरा होता. पण २०-३० हजार विस्कळीत घोडेस्वारांसाठी ३०० तोफा कोणी आणत नाही, पेंढाऱ्यावर तोफ डागणार कुठे, तो थांबतो का? तोफा ज्यांच्याकडे किल्ले आणि फौजा होत्या त्यांच्यासाठी होत्या. आणि पेंढारी ज्या बेकारीतून वाढले त्यात कंपनीच्या तहांचाही हात होता, ते प्रश्न ६ मधे आलंय.

१३. टोंकचा नवाब अमीरखान पेंढारी होता ना?

अर्धवट. तो पठाण, यशवंतराव होळकरांचा जोडीदार, त्याच्याकडे पायदळ होतं, तोफा होत्या, तो राजांकडून खंडणी घ्यायचा. पेंढारी त्याच्या सोबतीने फिरायचे म्हणून लोक त्यालाही पेंढारी म्हणतात. नोव्हेंबर १८१७ मधे त्याने कंपनीशी तह केला, फौज मोडली आणि टोंकचा नवाब झाला. थोडक्यात, ज्याच्याकडे तोफा होत्या त्याला संस्थान मिळालं आणि ज्याच्याकडे नुसता भाला होता त्याला काय मिळालं ते पुढे बघा.

१४. चितूला वाघाने खाल्लं ही दंतकथा की खरं?

खरं. चितू शेवटपर्यंत शरण आला नाही. साथीदार सोडून गेले, तो नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांना जाऊन मिळाला, दोघं असीरगडाकडे आले, आप्पासाहेबाला किल्ल्यात घेतलं आणि चितूला बाहेर ठेवलं. फेब्रुवारी १८१९ ची गोष्ट. जंगलात त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिरात २५० रुपयांची पिशवी, शिक्क्याच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबाची पत्रं, त्यात पुढच्या बक्षिसाची आश्वासनं. शोधत गेले तर रक्ताने माखलेले कपडे, हाडं आणि शेवटी मुंडकं, त्यावरून ओळख पटली. ते मालकमच्या तळावर नेलं आणि मुलाच्या हवाली केलं.

२५० रुपये आणि आश्वासनाचे कागद. ज्या माणसाला शिंद्यांनी नवाब केलं होतं त्याच्या खोगिरात.

१५. बाकीच्यांचं काय झालं?

करीमखान फेब्रुवारी १८१८ मधे मालकमला शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं. त्याचा नातेवाईक नामदारखान शरण येताना एकच गोष्ट मागत होता, कलकत्त्याला किंवा विलायतेला पाठवू नका, तो भोपाळकडे राहिला. वासिल मोहम्मद ग्वाल्हेरला शिंद्यांच्या आसऱ्याला गेला, शिंद्यांनी सोपवून दिला, गाझीपूरला नजरकैदेत होता, पळायचा प्रयत्न फसला आणि त्याने विष घेतलं. खालच्या माणसांनी काय केलं असेल? शेती, मजुरी. दख्खनमधे पेंढारी म्हणवणारी मुसलमान कुटुंबं पुढे तट्टं पाळून, गवत-लाकूड विकून पोट भरत होती. फिरून परत गवतावरच (प्रश्न २).

१६. आमच्या गावची गढी पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधली असं सांगतात, खरं असेल का?

असू शकतं पण लगेच फलक लावू नका. पांढऱ्या मातीच्या गढ्या खानदेश-वऱ्हाडात गावोगाव आहेत, त्यातल्या बऱ्याच देशमुख-पाटलांचे वाडे म्हणून आधीपासून होत्या. पेंढारी आले की गाव आत शिरायचं आणि दार लावायचं हे मात्र खरं, कारण तोफ नसलेल्या आणि थांबायला वेळ नसलेल्या टोळीसमोर साधी मातीची भिंतही पुरायची.

१७. पेंढारकर आडनावाचा याच्याशी संबंध आहे का?

शाळेत चिडवतात म्हणून दरवेळी कोणीतरी विचारतंच. 'कर' लागलेली आडनावं सहसा गावावरून पडतात, धंद्यावरून नाही. निवांत राहा.

१८. १८१८ नंतर एकही पेंढारी उरला नाही का?

टोळ्या उरल्या नाहीत. मालकमनेच पाच वर्षांच्या आत लिहून ठेवलंय की नावसुद्धा लोक विसरत चाललेत. अपवाद शेख दुल्ला. हा सातपुड्याच्या जंगलात पुढे काही वर्षं दोन-चार माणसं घेऊन फिरत राहिला, आज इथे तर उद्या तिथे, छावणी नाही, नदीकाठची जमीन नाही, वाटा मागणारा मालकही नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांनी त्याच्यावर म्हणच करून टाकली: नीचे जमीन, ऊपर अल्ला, और बीच में फिरे शेख दुल्ला.